सदू, साओरी आणि आईची वाकळ

'सदू' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चाळीतला कोणी सदाशिव उभा राहतो. शाळेत मागच्या बाकावर बसणारा, गणपतीच्या नाटकात पडदा ओढणारा. पण मंडळी, आपण ज्या देशात वीस-वीस, तीस-तीस वर्षे पगार घेतला आणि मुले वाढवली, त्या देशात 'सदू' हे विणकामाचे नाव आहे. विणण्याच्या कलेलाही सदू म्हणतात आणि ज्या मागावर ती चालते त्या मागालाही. हे आम्हाला कळायला इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर सोपे आणि थोडे लाजिरवाणे आहे. आमचा या देशाशी संबंध ऑफिस, मुलांची शाळा, आठवड्याचा बाजार आणि सुटीच्या दिवशीचा मंडळाचा कार्यक्रम एवढाच.

शारजाच्या जुन्या भागात दरवर्षी वारसा दिवसांचा उत्सव भरतो. मुलांना उंट दाखवावा म्हणून आम्ही तीन कुटुंबे मिळून गेलो. उंट पाहून झाला, खजूर घेऊन झाले आणि मग एका मांडवाखाली जमिनीवर पाय पसरून विणत बसलेल्या एका आजीबाईंपाशी आमच्यातल्या बायका थबकल्या त्या थबकल्याच. पुरुष मंडळी गाडी कुठे लावली होती यावर वाद घालत राहिली. आजींच्या समोर लांबच लांब ताणलेले काळे, पांढरे, लाल धागे होते आणि त्यातून बोटांनी एकेक धागा उचलून त्या काहीतरी आकृती काढत होत्या. समोर कागद नाही, नमुना नाही, मोजपट्टी नाही. आमच्यातल्या एकीने हिंदीत विचारले, "डिझाईन किधर है?" जुन्या पिढीतल्या पुष्कळ इमिराती माणसांना कामापुरते हिंदी कळते. मुंबईशी पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या व्यापाराची ती खूण. आजींनी उत्तर न देता कपाळाला बोट लावले आणि पुन्हा विणू लागल्या.

घरी आल्यावर मात्र आम्ही स्वस्थ बसलो नाही. जे वाचले, विचारले, पाहिले ते इथे मांडत आहोत.

तेल सापडण्यापूर्वी या भागात दोन तऱ्हेचे जीवन होते. किनाऱ्यावर आणि लिवासारख्या खजुराच्या बागांजवळ लोक झावळ्यांच्या झोपड्यांत राहत. मोती काढणे, मासेमारी आणि खजूर यांवर पोट चाले. आणि आतल्या वाळवंटात जनावरांमागे फिरणारी बदू कुटुंबे. सदू ही मुख्यतः या फिरत्या घरांची कला. बकऱ्यांच्या काळ्या केसांचे पट्टे विणून ते एकमेकांना शिवले की तंबू तयार होई. तंबूत पुरुषांची बैठक आणि बायकांची बाजू यांच्यामध्ये टांगायचा पडदा, उंटाच्या पाठीवरच्या दुतोंडी थैल्या, उशा, सतरंज्या, उंटाला सजवायचे गोंडे, सगळे घरातल्या बायकाच विणत. लोकर कातरायची ती पुरुषांनी. तिथून पुढे धुणे, विंचरणे, कातणे, रंगवणे, विणणे बायकांकडे. आपल्याकडे धनगराच्या घरी मेंढीची लोकर कातरून तिचे सूत घरात होते आणि पुढे सनगर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणून तिला चिंचोक्याची खळ लावतो. इथे सनगर वेगळा नाही, एवढाच फरक. एकच बाई सूतही कातते आणि मागावरही बसते.

कातायचे ते टकळीवर. आमच्यापैकी ज्यांनी शाळेत मूलोद्योगाच्या तासाला टकळी फिरवली असेल त्यांना आठवत असेल की सूत किती वेळा तुटते आणि मास्तर किती वेळा ओरडतात. इथे बायका मेंढ्या राखताना चालता चालता कातत. रंग मेंदी, हळद, नीळ यांचे. पुढे बाजारातल्या पुड्यांचे. पांढऱ्या पट्ट्याला पुष्कळदा बाजारचे सुती सूतही चाले. माग म्हणजे जमिनीत ठोकलेल्या चार खुंट्या आणि दोन आडव्या काठ्या. मुक्काम हलवायची वेळ आली की अर्धवट विणलेले कापड काठीसकट गुंडाळायचे, उंटावर टाकायचे आणि पुढच्या पाण्याशी पुन्हा खुंट्या ठोकायच्या. धागा दाबून बसवायला आणि मोकळा करायला हरणाचे शिंग. घरात दुसरे सामान फारसे नसेल, पण हे शिंग आईकडून मुलीकडे जाई.

आता थोडे विणकामाचे गणित, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवा धागा म्हणजे बाणा. आपल्या पैठणीच्या पदरावर मोर उठतो तो बाण्यातून. सदूमध्ये उलट आहे. ताण्याचे धागे इतके दाट असतात की आडवा धागा दिसतच नाही. रंगांचे पट्टे कुठे आणि किती, हे ताणा मांडतानाच ठरून जाते. मग विणणारीच्या हातात उरते काय? कडेचे पट्टे ठरावीक असतात. धान्याच्या दाण्यांसारखे ठिपके, घोड्याच्या दातांसारखी नक्षी, त्रिकोणांची रांग. पण मधला एक पट्टा असतो, त्याला 'शजरा' म्हणतात, म्हणजे झाड. त्यात काळा आणि पांढरा अशा धाग्यांच्या जोड्या असतात आणि प्रत्येक ओळीला विणणारीने ठरवायचे की जोडीतला कोणता वर उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा. त्यातून उंट निघतो, कात्री निघते, कॉफीची किटली निघते, आपल्या टोळीच्या उंटांवर डागायची खूण निघते. एका बाईचा शजरा दुसरीसारखा नसतो.

आम्हाला यावर आपली ठिपक्यांची रांगोळी आठवली. पंधरा ते आठ असे ठिपके सगळ्यांचे सारखेच, पण जोडायचे कसे ते दारोदारी वेगळे. ज्यांना वाटते की बंधनात कल्पनेला वाव नसतो त्यांनी दिवाळीच्या पहाटे पुण्यात सदाशिव पेठेतून एक चक्कर मारावी. (इथे पुन्हा सदाशिव आला, त्याला इलाज नाही.)

हे शिकवत कसे? शिकवत नसत, हेच उत्तर आहे. बायका घोळक्याने बसत. गप्पा, नात्यागोत्याच्या बातम्या, मध्येच कोणी गाणे किंवा काव्य म्हणे. मुली शेजारी बसून बघत. आधी लोकर निवडायचे काम, मग विंचरायचे, मग कातायचे. मागाला हात लागायला वर्षे जात. आपल्या घरी मुलीला पहिल्या दिवशी कोणी पुरणपोळी लाटायला देत नाही, आधी डाळ निवडायला देतात, तसेच.

मग हे सगळे थांबले कशाने? पहिला धक्का किनाऱ्याला बसला, आणि त्यात जपानचा हात होता. मिकिमोतो नावाच्या जपानी गृहस्थाने १८९३ साली शिंपल्यात मोती पिकवून दाखवला. १९२०च्या दशकात जपानी मोती जगाच्या बाजारात आले, १९२९ नंतर जागतिक मंदी आली आणि खाडीचा मोत्यांचा धंदा बसला. हा मोती बराचसा मुंबईच्या बाजारात जाई आणि मुंबईहून तांदूळ, कापड, मसाला परत येई. आपला रुपया इथे चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खाडीसाठी मुद्दाम वेगळ्या नोटा काढल्या होत्या, त्या १९६६च्या अवमूल्यनानंतर मागे पडल्या. वाळवंटातल्या मागाला मात्र हा धक्का तितका लागला नाही. त्याला थांबवले ते तेलाने. १९६२ साली दास बेटावरून अबू धाबीचे पहिले तेल निघाले, १९६६ साली शेख झायेद अबू धाबीचे शासक झाले, १९७१च्या २ डिसेंबरला संघराज्य झाले आणि बदू कुटुंबांना पक्की घरे, शाळा, दवाखाने मिळाले. घराला भिंती आल्यावर तंबूचा पडदा कोणासाठी विणायचा? पिकअप ट्रक आल्यावर उंटाची थैली कशाला?

यावर हळहळणारे पुष्कळ लेख आम्ही वाचले. आम्हाला त्यातली हळहळ पूर्ण पटली नाही. वाळूत बसून कंबर मोडेपर्यंत घरभर पुरेल असा तंबू विणणाऱ्या बाईला भिंतीचे घर मिळाले, नळाला पाणी आले, मुलगी शाळेत गेली, यात वाईट काय झाले? गेले ते एवढेच की बायका ज्या निमित्ताने एकत्र बसत ते निमित्त गेले. आणि मुली ज्या रीतीने शिकत ती रीत निमित्ताबरोबर गेली.

ती परत आणायचे प्रयत्न या देशाने बरेच आधी सुरू केले, हे सांगायला हवे. १९७५ साली शेखा फातिमा बिंत मुबारक यांच्या पुढाकाराने महिलांचा महासंघ झाला आणि त्याच्या अबू धाबीतल्या हस्तकला केंद्रात जाणत्या बायकांना बोलावून त्यांच्या हातचे काम पुढे चालू ठेवले गेले. २०११ साली इंडोनेशियात बाली येथे भरलेल्या बैठकीत युनेस्कोने सदूची नोंद केली, पण कोणत्या यादीत? अभिमानाच्या नव्हे, तर तातडीने जपायला हव्या अशा कलांच्या यादीत. नोंदीत स्पष्ट म्हटले होते की ही कला आता मुख्यतः वयस्क बायकांच्याच हातात उरली आहे आणि त्यांची संख्या घटते आहे. पुढे २०१५ साली शारजात कारागीर बायकांसाठी इर्थी ही परिषद स्थापन झाली. २०१८ साली अबू धाबीचा जुना किल्ला, कसर अल होस्न, दुरुस्त होऊन खुला झाला आणि त्याच्या आवारात कारागिरांचे घर उघडले. तिथे सदू, खजुराच्या पानांचे विणकाम आणि जरीच्या धाग्यांची तल्ली ही वेणी-पट्टी बघायला आणि शिकायलाही मिळते. तल्लीची नोंद युनेस्कोने २०२२ साली केली.

हे सगळे चांगलेच आहे. पण वर्ग म्हटला की घड्याळ आले. दोन तासांत हाताला काय लागणार? वीतभर पट्टी, किल्लीचा गोंडा, पुस्तकात ठेवायची खूण. ताणा आधीच मांडून ठेवलेला असतो, नमुना शिकवणारी सांगते आणि शिकणारी तो उतरवते. कडेचे पट्टे येतात. शजरा येत नाही. कपाळाला बोट लावून दाखवलेली गोष्ट वर्गात कशी द्यायची, हा खरा प्रश्न आहे, आणि तो फक्त इमिराती लोकांचा नाही.

हे सगळे चाळताना आमच्या हाती जपानच्या मिसाओ जो या बाईंची हकीकत आली. जन्म १९१३, मृत्यू २०१८; म्हणजे शंभरी ओलांडून गेल्या. ओसाका भागात राहणाऱ्या, फुलांची मांडणी शिकवणाऱ्या, संसार केलेल्या या बाई पंचावन्नी उलटल्यावर, १९६०च्या दशकाच्या अखेरीस, मागावर बसल्या. किमोनोवर कमरेला बांधतात तो पट्टा विणला. त्यात ताण्याचा एक धागा सुटला होता. कारखान्यातल्या जाणकाराने बघून सांगितले, हा माल दोषी, विकायच्या लायकीचा नाही. बाईंना तीच उभी फट आवडली होती. दुसरी कोणी असती तर नेटाने बिनचूक विणायला शिकली असती. यांनी मुद्दाम आणखी धागे सोडून दुसरा पट्टा विणला आणि ओसाकातल्या एका चांगल्या दुकानात नेला. तिथे त्याचे कौतुक झाले आणि मालही विकला गेला. ज्या जपानने बिनचूक गोल मोती पिकवून खाडीतल्या वेड्यावाकड्या मोत्याला बाजारातून उठवले, त्याच जपानच्या एका बाईने चुकलेल्या धाग्याला मान मिळवून दिला, याची आम्हाला मोठी गंमत वाटली.

या विणकामाला त्यांनी 'साओरी' नाव दिले. 'ओरी' म्हणजे विणणे, आणि 'सा' हा झेन पंथातल्या एका शब्दावरून. प्रत्येकाची आपली वेगळी प्रतिष्ठा असते, असा त्याचा आशय. शिकवायची पद्धत अशी, की नमुना द्यायचाच नाही. ताणा आधी तयार करून ठेवलेला, माग पायाने चालवायचा आणि हलका. खुर्चीवर चाके असलेल्या माणसालाही बसता येईल असे मागही केले. शिकणाऱ्याला धोटा कसा टाकायचा एवढे दाखवायचे आणि बाजूला व्हायचे. बाण्यात सूत घाला, कापडाच्या चिंध्या घाला, लोकरीचे पुंजके घाला. कडा वाकडी झाली तर वाकडी राहू द्या. यंत्र आणि माणूस यांतला फरक लक्षात ठेवा, बेधडक करा, डोळे उघडे ठेवा आणि एकमेकांकडून शिका, एवढेच त्यांचे नियम. मतिमंद म्हणून बाजूला बसवलेली मुले या मागावर जे विणू लागली ते पाहून बाई स्वतःच थक्क झाल्या. आज जपानमध्ये अपंगांच्या कितीतरी संस्थांत हे माग चालतात, आणि इतर देशांतही गेले आहेत.

आम्ही यावर बराच वाद घातला. एक पक्ष म्हणाला, काहीही चालते म्हटल्यावर ती कला कसली? दुसरा पक्ष म्हणाला, तुम्ही मुलांना गाणे शिकवता तेव्हा सहा महिने पलटेच घोटवता आणि मग मुले क्लास सोडतात. खरे तर दोन्ही विणकामांत मोकळीक आहे, पण ती वेगळ्या ठिकाणी ठेवलेली आहे. साओरीत मोकळीक दारातच मिळते, कारण ती बाण्यात आहे. प्रत्येक फेकीला विचार बदलता येतो, धागा चुकला तरी कापड होतेच. सदूत ती आतल्या खोलीत आहे. शजऱ्याच्या जोड्या हातात बसायला वर्षे लागतात आणि एक जोडी चुकली की उंटाला पाचवा पाय येतो. म्हणून सदू साओरीसारखा शिकवावा असे आमचे म्हणणे नाही; तो तसा शिकवता येणारच नाही. साओरीकडून घेण्यासारखे वेगळेच आहे. बाईंनी कापडाआधी बैठक जमवली. शेजारणीच्या मागावर काय चालले आहे हे डोकावून पाहणे हा तिथे अभ्यास समजला जातो. तंबूबाहेर बसणाऱ्या बदू बायकांचीही शाळा हीच होती. दोन तासांच्या वर्गात हरवते ते हे डोकावणे.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे साओरीइतकी मोकळी गोष्ट पूर्वीपासून आहे: गोधडी. कुठे वाकळ म्हणतात, कुठे लेपडे. नमुना नाही, माप नाही. खाली-वर जुनी लुगडी, मध्ये फाटके धोतर, वरून जे तुकडे हाती येतील ते, आणि कडेपासून आत धावदोरा. चार जणी चार कोपऱ्यांना बसल्या की दुपार जाते. सीमाभागात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे सिद्दी लोक राहतात. त्यांच्या पूर्वजांना अरब आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला 'कवंदी' म्हणतात. कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने फिरत मध्यापर्यंत यायचे आणि शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावायचे, त्यांना 'फूल' म्हणायचे. फुलांशिवाय कवंदी उघडी समजतात. २००४ साली अमेरिकेतले अभ्यासक हेन्री ड्रूअल यांच्या मदतीने त्या बायकांनी सहकारी संस्था केली आणि त्यांच्या कवंद्या परदेशात प्रदर्शनांत लागल्या. आमच्यापैकी एकाचे आजोळ हल्याळचे. त्यांनी लहानपणी कवंदीवर झोप काढली आहे, पण ती कला आहे हे त्यांना अबू धाबीत पुस्तक वाचून कळले.

शेवटी घरची गोष्ट सांगून थांबतो. आमची आई व्हिजिट व्हिसावर तीन महिने शारजाला आली होती. दिवसभर फ्लॅटमध्ये बसून तिला करमेना. तिने आमच्या जुन्या सुती साड्या काढल्या, मुलीचे लहान झालेले फ्रॉक घेतले, आणि हॉलमधला सोफा भिंतीला लावून जमिनीवर वाकळ घातली. समोरच्या दारातल्या मलयाळी बाईंनी त्यांच्या मुंडूचा काठ आणून दिला, वरच्या मजल्यावरच्या लाहोरच्या बाईंनी फुलाफुलांची ओढणी. तिघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. आम्ही दोघे संध्याकाळी कामावरून यायचो तेव्हा दोन पेले आणि सुई-दोरा तिथेच पडलेला असे. आम्ही म्हणायचो, आई, बाजारात चांगली रजई तीस-चाळीस दिर्‌हमला मिळते, कशाला त्रास घेतेस. व्हिसा संपला, आई गेली, वाकळीचा तिसरा भाग राहिला. पुढच्या वर्षी यायची होती, ते झाले नाही.

ती वाकळ बरीच वर्षे पिशवीत होती. सदूवाल्या आजी पाहून आल्यावर आमच्या मुलीने ती बाहेर काढली आणि आजीने सोडली तिथून दोरा घालायला सुरुवात केली. टाके लांब पडतात, ओळ वाकते, दोराही त्याच रंगाचा मिळाला नाही. उसवून नीट करू का, असे तिने विचारले. आम्ही नको म्हणालो. वरून हात फिरवला की आईचे टाके कुठे संपले ते बोटांना लगेच कळते.

अजून हातभर शिवायची आहे. पुढच्या महिन्यापासून महिन्यातून एका सुटीच्या दुपारी आमच्या हॉलमधला सोफा पुन्हा भिंतीला लागेल. ज्यांना बसायचे आहे त्यांनी यावे. येत नसले तरी चालेल, बघत बसावे. शेजारच्या मलयाळी, पंजाबी, पाकिस्तानी बायकांनाही आणावे. ज्यांच्या ओळखीत कोणी इमिराती आजी सदू करणाऱ्या असतील त्यांनी आम्हाला जरूर कळवावे, त्यांच्याकडे आपणच जाऊ. सुया आणि जाड दोरा आमच्याकडे आहे. येताना जुन्या सुती साड्या आणाव्यात. नायलॉनच्या नकोत, सुई अडते.